जमिला वूड्सचा ‘लेगसी! लेगसी!’: शीर्षकात नाव दुसऱ्याचं, गाण्यात ‘मी’ आपला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही कविता लिहिता आणि स्वतःच चाल बांधून गाता. गाण्यात राजकारण आलं की त्याची घोषणा होते, स्वतःबद्दल लिहिलं की ते रोजनिशीतलं पान वाटतं. एका मैत्रिणीने तुम्हाला जमिला वूड्स या अमेरिकन सोल (चर्चमधल्या गाण्यांतून वाढलेलं कृष्णवर्णीयांचं संगीत) गायिकेचा ‘लेगसी! लेगसी!’ हा अल्बम ऐकायला सांगितला. तिथे या तिन्ही गोष्टी, म्हणजे कविता, राजकारण आणि ‘मी कोण’, एकमेकींत मिसळून गेल्यात असं तुम्हाला जाणवलं. पण प्रत्येक गाण्याचं शीर्षक म्हणजे कुणाचं तरी नाव आणि त्यातली निम्मी नावं तुम्हाला अनोळखी. मग हा अल्बम ऐकायचा कसा, हे तिला कसं जमलं आणि आपल्याला मराठीत काही करता येईल का?

मी कवितांना चाली लावते आणि गाण्याचे शब्द लिहू पाहणाऱ्यांच्या कार्यशाळा घेते. या अल्बममधली ‘जिओव्हानी’ आणि ‘सोनिया’ ही दोन गाणी मी जवळजवळ प्रत्येक तुकडीला ऐकवते. तेव्हा उत्तर लांबेल, आणि त्या दोन गाण्यांपाशी जास्त रेंगाळेल.

सगळ्यात आधी एक गैरसमज दूर करू. शीर्षकं पाहून वाटतं की ही थोर माणसांवरची गाणी आहेत: लेखिका झोरा नील हर्स्टन, कवयित्री निकी जिओव्हानी आणि सोनिया सांचेझ, चित्रकार फ्रिडा काहलो, गायिका-अभिनेत्री अर्था किट, जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस, गिटारवादक-गायक मडी वॉटर्स, चित्रकार बास्किया, जॅझ संगीतकार सन रा, विज्ञानकथा लिहिणाऱ्या ऑक्टेव्हिया बटलर, लेखक जेम्स बाल्डविन, आणि सुरुवातीला नि शेवटी गायिका बेटी डेव्हिस. पण त्यात त्यांची चरित्रं शोधायला गेलात तर फारसं हाती लागणार नाही. जन्म कुठे, संघर्ष काय, मोठेपण कशात, यातलं जमिला जवळजवळ काहीच सांगत नाही. ती प्रत्येकाकडून एकच गोष्ट उचलते: एखादी ओळ, मुलाखतीतलं एखादं उत्तर, घराची एखादी रचना. आणि मग ‘मी’ म्हणून गायला लागते. ही स्तुतिगीतं नव्हेत, हा परकायाप्रवेश आहे. या अल्बमचं सगळं राजकारण माझ्या मते या ‘मी’मध्ये आहे. विषयांच्या यादीत ते सापडणार नाही.

हे तिला एका रात्रीत सुचलेलं नाही. जमिलाचा जन्म 1989चा, वाढली शिकागोच्या दक्षिणेकडच्या बेव्हर्ली भागात, जिथे आयरिश वंशाच्या गोऱ्या कुटुंबांची वस्ती मोठी आहे. 2011मध्ये ती ब्राउन विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडली; विषय होते आफ्रिकी वंशाच्या लोकांचा अभ्यास आणि रंगभूमी. त्यानंतर शिकागोला परतून ‘यंग शिकागो ऑथर्स’ या संस्थेत तिने शाळकरी मुलांना कविता शिकवली. ही संस्था 2001पासून ‘लाउडर दॅन अ बॉम्ब’ नावाचा तरुणांचा काव्यमहोत्सव भरवत आली, आणि शिकागोच्या आजच्या कितीतरी रॅपर-गायकांची पहिली तालीम तिथल्याच खोल्यांमध्ये झाली. तेव्हा जमिला आधी कवयित्री आणि शिक्षिका, मग गायिका. 2018मध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांच्या कवितांचा एक संग्रहही तिने इतरांच्या सोबतीने संपादित केला. शिकवणाऱ्या माणसाची एक सवय असते: समोरच्या मुलाच्या हातात कोरा कागद न देता आधी एक कविता द्यायची आणि म्हणायचं, हिच्या सांगाड्यावर तुझी लिही. हा अल्बम त्या सवयीतूनच जन्मला आहे.

‘जिओव्हानी’ घ्या. निकी जिओव्हानी यांची ‘ईगो ट्रिपिंग’ ही कविता अमेरिकेतल्या अनेक कृष्णवर्णीय घरांमध्ये मुलींना पाठ असते. 1971मध्ये त्यांनी गॉस्पेल (चर्चमधलं भक्तिसंगीत) गायनवृंदाच्या साथीने आपल्या कवितांची ध्वनिमुद्रिका काढली, तीतही ती आहे. या कवितेतली बाई म्हणते: माझा जन्म काँगोतला. स्फिंक्स मी बांधला. थोरली लेक माझी नेफर्टिटी, तिच्या वेळच्या कळांनी जे अश्रू आले त्यांची नाईल झाली. उत्तरेकडे गेले, सर्दी झाली, नाक शिंकरलं तर अरबांना तेल मिळालं. माझ्या नखांची भुकटी पडते तीसुद्धा रत्नांची. एकेक ओळ आधीच्या ओळीपेक्षा मोठी बढाई मारते, आणि वाचता वाचता कळतं की ज्या माणसांना शतकानुशतकं ‘तुम्ही कुणीच नाही’ असं सांगितलं गेलं त्यांच्यासाठी ही बढाई नाही, हा हिशेब आहे.

मराठी कानाला हा सूर परका नाही. ‘अणुरेणिया थोकडा, तुका आकाशाएवढा’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. दोन्हींची वाट वेगळी आहे. तुकोबांचा ‘मी’ विरघळून मोठा होतो, जिओव्हानींचा इतिहास गिळून मोठा होतो. पण एका ओळीत कणाएवढं आणि दुसऱ्या ओळीत आभाळाएवढं होण्याची ती झेप ज्याने ऐकली आहे, त्याला ‘ईगो ट्रिपिंग’ समजावून सांगावी लागत नाही. कार्यशाळेत मी आधी तुकोबा वाचते आणि मग हे गाणं लावते, ते याच कारणाने.

आता जमिला या कवितेचं काय करते ते पाहा. ती स्फिंक्स आणि नाईल तशीच उचलत नाही. सांगाडा घेते आणि त्यात स्वतःचं अंग घालते. तिच्या गाण्यातली बाई लहानखुरी आहे, लोक तिला चिमुकली म्हणतात, आणि ती म्हणते की शंभर जण आले तरी रागात मी कसं दिसायचं हे मला सांगू शकणार नाहीत. मूळ कवितेच्या शीर्षकाला जोडून कंसात एक वाक्य आहे: ‘यामागे कारण असू शकेल.’ जमिला त्याचं ध्रुवपद करते, पण ‘असू शकेल’चं ‘असलंच पाहिजे’ करते. जिओव्हानींच्या तोंडी ते वाक्य खांदे उडवून म्हटल्यासारखं आहे. जमिलाच्या तोंडी ते पुन्हा पुन्हा येत राहतं, आणि दरवेळी थोडं शोधल्यासारखं वाटतं: माझ्यात हे बळ आलं कुठून, मी अजून उभी कशी? एवढ्याशा बदलाने कविता एका पिढीतून दुसरीत येते. आजीची बढाई नातीचा प्रश्न होते.

इथे तुमच्या पहिल्या अडचणीचं उत्तर दडलं आहे. ‘कृष्णवर्णीय स्त्रीच्या रागाला समाज घाबरतो’ हे वाक्य भाषणात शोभेल. ‘रागात मी कशी दिसावी हे तुम्ही ठरवणार नाही’ हे गाण्यात शोभतं. दुसऱ्या वाक्यात चेहरा आहे, समोर कुणीतरी उभं आहे, आणि बोलणाऱ्याला त्या क्षणी काहीतरी गमवायचं आहे. राजकारण दोन्हींत तेवढंच आहे.

‘सोनिया’ याहून अवघड गाणं आहे. सोनिया सांचेझ या अलाबामात 1934मध्ये जन्मलेल्या कवयित्री. कविता वाचत नाहीत, तोतरल्यासारखं, गुणगुणल्यासारखं, मधेच हुंकार देत सादर करतात. गुलामांच्या जहाजांतून झालेल्या प्रवासावरची त्यांची एक कविता आहे. त्यात ‘वाईट होतं’ एवढाच शब्दसमूह घोळत राहतो, अर्थ झिजून नुसता आवाज उरेपर्यंत. जमिलाने तो घोळ आपल्या ध्रुवपदात आणला. पण गाणं सुरू होतं ते एका माणसाने दुखावलेल्या बाईच्या गोष्टीने. बाई म्हणते, क्षमा करायचा प्रयत्न करतेय, विसरता येत नाही. पुढे अचानक पणजीच्या आईची गोष्ट येते: ती जन्मली गुलाम म्हणून, मरायच्या आधी मुक्त झाली, आणि तुम्ही मला कसं वागायचं ते शिकवता? मग न्यूयॉर्कची रॅपर निटी स्कॉट येते आणि आपल्याच एका जुन्या नात्याचा ताळेबंद मांडते.

प्रेयसीचं दुखणं आणि गुलामांचं जहाज एका गाण्यात घालणं हा मोठा धोका आहे. जरा चूक झाली तर मोठ्या दुःखाचा वापर छोट्या दुःखाला उंची देण्यासाठी केल्यासारखं होतं, आणि ते ऐकवत नाही. इथे तसं होत नाही याचं कारण ध्रुवपद आहे. ‘वाईट होतं’ हे कशाबद्दल, हे ती सांगतच नाही. पहिल्या कडव्यानंतर तेच शब्द त्या माणसाबद्दल वाटतात, पणजीच्या आईनंतर जहाजाबद्दल, निटी स्कॉटनंतर दोन्हींबद्दल. दोन दुःखांची तुलना गायिका करत नाही. तीच माणसं, तोच वंश, तेच शरीर आहे एवढं दाखवते आणि बाजूला होते. चाल लावणाऱ्याच्या नजरेतून सांगायचं तर ध्रुवपदाचं खरं काम हेच. शब्द तेच राहतात, कडवं बदलतं आणि शब्दांचं वजन बदलतं. आपल्याकडे चांगल्या अभंगात हे होतंच. नव्याने लिहिणारे ध्रुवपदात सारांश कोंबतात आणि मग ते परत आलं की कंटाळा येतो.

राग हा या अल्बमचा सगळ्यात दिसणारा धागा आहे, आणि तो हाताळण्यात तिची समज दिसते. मडी वॉटर्स 1943मध्ये मिसिसिपीतून शिकागोला आले. तिथल्या गजबजलेल्या क्लबांत साधी गिटार कुणाला ऐकू जाईना, म्हणून त्यांनी इलेक्ट्रिक गिटार घेतली. शिकागो ब्लूजचा (ब्लूज म्हणजे कृष्णवर्णीयांचं दुःख गाणारं लोकसंगीत) तो कर्कश, कापत जाणारा आवाज असा गोंगाटावर मात करण्याच्या गरजेतून आला. जमिलाच्या ‘मडी’मध्ये गिटार तशीच खरखरीत आहे, आणि ध्रुवपदात ती शिवी हासडून म्हणते की हे लोक गप्पच बसत नाहीत. आमच्या बोटांचा अभ्यास करतील, आमच्यासारखं उभं राहतील, आमच्याबद्दल तासन्‌तास बोलतील. ब्लूज कृष्णवर्णीयांकडून घेऊन त्यावर गोऱ्या कलाकारांनी जग जिंकलं, हा सगळा इतिहास त्या एका वैतागलेल्या वाक्यात आहे, आणि वाक्य मात्र क्लबातल्या बडबड्या गिऱ्हाइकांबद्दलचं आहे.

‘बास्किया’मध्ये याच्या उलट. चित्रकार बास्किया 1988मध्ये, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी गेला. एका मुलाखतीत त्याला त्याच्या रागाविषयी विचारलं, तुला कशाचा राग येतो, आणि त्याने सांगायचं टाळलं: आठवत नाही. जमिला हा संवाद तसाच गाते. चिडलायस का? हो, चिडलोय. कशामुळे? आठवत नाही. हे तिचं सगळ्यात धारदार राजकीय वाक्य आहे असं मला वाटतं. ज्याचा राग पाहायला लोक तिकीट काढून येतात, त्याने रागाचं कारण सांगायला नकार देणं! ‘राग का आला ते समजावून सांग’ ही मागणीसुद्धा एक सत्ता असते. आपण चळवळीची गाणी लिहिताना कारणं देत बसतो, पुरावे जोडतो, समोरच्याला पटवतो. इथे पटवणं बंद केलंय, आणि गाणं त्याने जास्त जड झालंय.

अर्था किट आणि फ्रिडा यांची गाणी वरवर प्रेमाची आहेत. अर्था किट यांना जानेवारी 1968मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीने व्हाइट हाउसमध्ये जेवायला बोलावलं होतं. तिथे त्यांनी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध तोंडावर सुनावलं आणि त्यानंतर अमेरिकेत त्यांना काम मिळेनासं झालं. एखाद्या साध्या लेखकाने यावरच गाणं लिहिलं असतं. जमिला तो प्रसंग बाजूला ठेवते आणि त्यांच्या एका वेगळ्याच मुलाखतीपाशी जाते. पुरुषासाठी तडजोड करशील का, असं विचारल्यावर अर्था किट खो खो हसतात: तडजोड? कशासाठी? माझं माझ्यावर प्रेम आहे, ते माझ्यासोबत वाटून घ्यायला कुणी हवंय. जमिलाचं ध्रुवपद इथून निघतं. व्हाइट हाउसमध्ये न झुकणारी बाई आणि नात्यात न झुकणारी बाई एकच आहे, हे ज्याला तो इतिहास माहीत आहे त्याला आपोआप कळतं, आणि ज्याला माहीत नाही त्याच्या हातात निदान एक सुंदर प्रेमगीत तरी राहतं.

‘फ्रिडा’त तर एक वास्तू आहे. मेक्सिको सिटीच्या सान आंखेल भागात फ्रिडा काहलो आणि दिएगो रिवेरा यांच्यासाठी वास्तुकार हुआन ओ’गॉर्मन याने 1930च्या दशकाच्या आरंभी दोन स्वतंत्र घरं बांधली. फ्रिडाचं निळं. दोन्ही घरांना वरच्या मजल्यावर जोडणारा एक अरुंद पूल. जमिला म्हणते, आपण फ्रिडासारखं करू, पूल बांधू, मग मी तुला भेटायला येईन. बाईला लिहायला, चित्र काढायला, नुसतं एकटं बसायला स्वतःची जागा हवी, ही मागणी यापेक्षा हलक्या हाताने मांडलेली मी ऐकलेली नाही. त्या घरांचे फोटो एकदा जरूर पाहा. पूल दिसला की गाणं वेगळं ऐकू येतं.

आता आवाजाबद्दल, कारण शब्दांइतकंच काम तिथे झालं आहे. सोल म्हटलं की आपल्याला गॉस्पेलमधून आलेला, छातीतून फुटणारा, एका अक्षरावर दहा स्वर फिरवणारा आवाज आठवतो. जमिला तसं गात नाही. तिचा आवाज मऊ, माइकच्या अगदी जवळचा, बोलण्याच्या पट्टीतला. त्यावर तिच्याच आवाजाचे थर चढवलेले असतात, म्हणजे एकटी बाई बोलत असते आणि मागे तिचाच गायनवृंद तिला दुजोरा देतो. बऱ्याच गाण्यांचा निर्माता शिकागोचाच स्लॉट-ए. त्याने खाली ढोल आणि बास जड ठेवले, वर आवाजाला मोकळी जागा ठेवली. गाण्याचा जोर ठेक्यात आहे, त्यामुळे गायिकेला ओरडावं लागत नाही.

याचा घोषणेशी थेट संबंध आहे. घोषणा ऐका: तिचा जोर बरोबर ठेक्यावर पडतो, दोन भाग सारखे असतात, आणि शेवट वर चढतो, कारण तिला शेकडो लोकांनी एकदम म्हणायचं असतं. तुमच्या गाण्याची घोषणा होते तेव्हा शब्द राजकीय असल्यामुळे होते असं तुम्हाला वाटतं. बहुतेक वेळा ती चालीमुळे होते. जमिला ओळ ठेक्याच्या किंचित मागे सोडते, वाक्य बोलताना जिथे श्वास पडेल तिथेच पाडते, आणि शेवट खाली आणते. तेच शब्द, पण आता ते एका माणसाचे वाटतात. एकदा स्वतः करून पाहा. तुमची सगळ्यात ‘घोषणाबाज’ ओळ घ्या, समेवर आदळू देऊ नका, शेवटचा स्वर षड्जावर न चढवता खाली सोडा. अर्धी अडचण तिथेच सुटेल.

‘बाल्डविन’ हे शेवटून दुसरं गाणं, आणि माझ्या मते अल्बमचा सगळ्यात खोल टप्पा. जेम्स बाल्डविन यांनी 1963च्या ‘द फायर नेक्स्ट टाइम’ या पुस्तकाच्या आरंभी आपल्या पुतण्याला पत्र लिहिलं आहे. त्यात ते म्हणतात की गोऱ्यांनी तुला स्वीकारायचं हा प्रश्नच नाही. तू त्यांना स्वीकारायचं आहेस, आणि तेही प्रेमाने, कारण ते अशा इतिहासात अडकले आहेत जो त्यांना स्वतःलाच कळत नाही. हे वाक्य आजच्या तरुणाला गिळणं कठीण आहे. कुणाचा तरी बाप रस्त्यावर पडलेला दिसतो आणि वर प्रेमाची अपेक्षा? जमिला त्या पत्राशी भांडते, पण पाठ फिरवत नाही. निको सीगलचा ट्रम्पेट मागे उजळत राहतो, आणि ती आपल्या लोकांकडे बोट दाखवते. ज्येष्ठाचं म्हणणं मान्य नाही, तरी त्याला सोडवतही नाही, असं नातं गाण्यात टिकवणं फार अवघड. बहुतेक जण एक तर पाया पडतात किंवा मूर्ती फोडतात.

सगळीच गाणी या तोडीची नाहीत. ‘माइल्स’मध्ये तोरा आहे, पण तो माइल्सचा इतका परिचित तोरा आहे की जमिला त्यात कमी दिसते. ‘सन रा’ मला ऐकायला आवडतं, शब्दांसाठी मी त्याकडे परत जात नाही. ‘झोरा’ मात्र सोडू नका. झोरा नील हर्स्टन यांनी 1928च्या एका निबंधात लिहिलं होतं की पांढऱ्याशुभ्र पार्श्वभूमीवर भिरकावलं की मला माझा रंग सगळ्यात जास्त जाणवतो. प्रत्येक वर्गात आपण एकटीच असण्याबद्दल जमिला गाते तेव्हा बेव्हर्लीतली ती शाळकरी मुलगी समोर येते. आणि त्याच गाण्यात ती म्हणते की तुम्हाला माझ्याबद्दल सगळं कधीच कळणार नाही. ओळख सांगणं आणि ओळख राखून ठेवणं, दोन्ही एकदम.

तुम्ही बेटी डेव्हिस दोनदा का, असंही विचारलं आहे. बेटी डेव्हिस यांनी 1970च्या दशकात स्वतः लिहिलेलं, बेधडक फंक (ठेक्यावर जोर देणारं नाचाचं संगीत) गायलं, माइल्स डेव्हिस यांच्याशी वर्षभराचा संसार केला, त्यांच्या संगीताला नवं वळण लावलं, आणि मग अनेक दशकं लोकांनी त्यांना ‘माइल्सची बायको’ एवढंच ओळखलं. अल्बम त्यांच्या नावाने उघडतो: मी तुमच्या कल्पनेतली मुलगी नाही, डोक्यातलं ते चित्र फेकून द्या. शेवटी तेच गाणं शिकागोच्या हाउस संगीताच्या ठेक्यावर परत येतं, नाचण्यासाठी. हाउस हे शिकागोच्या क्लबांतून, मुख्यतः कृष्णवर्णीय समलिंगी तरुणांच्या नाचातून उभं राहिलेलं संगीत. म्हणजे बाल्डविनच्या त्या जड प्रश्नानंतर ती ऐकणाऱ्याला नाचाच्या जागेत आणून सोडते. हाही शिकागोचाच वारसा आहे.

सोल संगीतात हे सगळं पहिल्यांदाच घडतंय असं नाही. कर्टिस मेफील्ड शिकागोचेच, आणि नागरी हक्क चळवळीच्या ऐन काळात त्यांची गाणी मोर्च्यांत गायली जात. निना सिमोन यांनी 1969मध्ये आपल्या दिवंगत मैत्रिणीच्या, नाटककार लोरेन हान्सबेरी हिच्या शब्दांवरून ‘टू बी यंग, गिफ्टेड अँड ब्लॅक’ केलं. हान्सबेरीही शिकागोची, आणि तिच्या गाजलेल्या नाटकाचं नाव लँगस्टन ह्यूज यांच्या कवितेतलं. कवितेतून नाटक, नाटककाराकडून गाणं, ही देवाणघेवाण त्या समाजात जुनी आहे. जमिला त्या रांगेत उभी आहे आणि तिला ते नेमकं माहीत आहे.

तिचा आधीचा ‘हेवन’ हा 2016चा अल्बम यासोबत ऐकलात तर तिने काय मिळवलं ते स्पष्ट दिसेल. तो काळ शिकागोत भयंकर होता. लक्वान मॅकडोनाल्ड या सतरा वर्षांच्या मुलाला पोलिसाने 2014मध्ये सोळा गोळ्या घातल्या, आणि त्याची चित्रफीत वर्षभराने, 2015च्या नोव्हेंबरात बाहेर आली. ‘हेवन’मधल्या ‘व्हेरी ब्लॅक’ या गाण्यात लहान मुलींच्या टाळ्यांच्या खेळातलं गाणं घेऊन जमिला पोलिसांबद्दल बोलते, ते आजही अंगावर येतं. त्यातच ‘ब्लॅक गर्ल सोल्जर’ आहे: रोझा, एला, ऑड्रे, अँजेला, सोजर्नर, असाटा अशी कृष्णवर्णीयांच्या लढ्यातल्या स्त्रियांची नावं एकामागून एक, प्रत्येकीला एखादी ओळ. ती हजेरी आहे, आणि त्या दिवसांत हजेरी घेणं गरजेचंच होतं. तीन वर्षांनी, 10 मे 2019ला आलेल्या ‘लेगसी! लेगसी!’त हजेरी संपली. आता प्रत्येक नावाला पूर्ण गाणं आहे, आणि ते नाव ‘ती’ राहिलेलं नाही, ‘मी’ झालं आहे.

हा फरक मराठीत गाणाऱ्यांना फार जवळचा वाटायला हवा. आपल्याकडे जलसे आणि भीमगीतं यांची मोठी परंपरा आहे. वामनदादा कर्डकांसारख्या कवी-गायकांनी बाबासाहेबांचं नाव गावोगावच्या माणसाच्या कानापर्यंत नेलं, आणि ते काम नावाच्या हजेरीनेच होणार होतं. दुसरीकडे 1972मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचं नाव घेऊन, आणि तिचे संस्थापक स्वतः कवी-लेखक होते. कृष्णवर्णीयांचं साहित्य तेव्हा आपल्याकडे वाचलं जात होतं, त्याच्यावर वाद होत होते. पँथरच्या पिढीच्या कवितेत हा जळजळीत ‘मी’ आहेच. गाण्यात तो त्या प्रमाणात आला नाही असं मला वाटतं. मुक्तछंदाला चाल लावायला संगीतकार बिचकले हे त्यामागचं एक कारण. जमिलाची कडवी मुक्तछंदासारखी सैल आहेत आणि ध्रुवपदं घट्ट, ही सोय आपल्यालाही उघडी आहे.

तर तुम्ही सुरुवात कशी कराल. ज्याचं तुमच्यावर ऋण आहे असं एकच माणूस निवडा; कवी असलाच पाहिजे असं नाही, आणि प्रसिद्धही असलाच पाहिजे असं नाही, पण त्याचं एखादं लिखित किंवा नोंदलेलं वाक्य तुमच्याकडे हवं. चरित्र वाचू नका, ते वाक्यच घ्या. ते जिथे तुमच्या आयुष्याला चिकटतं तो एक प्रसंग लिहा, ‘मी’ने, वर्तमानकाळात, शक्यतो समोर दुसरं माणूस असताना. त्या माणसाचं नाव मजकुरात एकदाही येऊ देऊ नका. ते शीर्षकासाठी ठेवा. मग मूळ वाक्यातला एखादाच शब्द बदलून त्याचं ध्रुवपद करा, जसा ‘असू शकेल’चा ‘असलंच पाहिजे’ झाला, आणि बदल का केलात ते तुमचं तुम्हाला सांगता आलं पाहिजे. कडवी मोठ्याने वाचून श्वास कुठे पडतो त्या खुणा पेनने करा. चाल त्यानंतर बांधायची, ध्रुवपदापासून सुरू करून.

ऐकण्याचा क्रम हवा असेल तर आधी ‘जिओव्हानी’, मग लगेच ‘सोनिया’, दुसऱ्या दिवशी ‘फ्रिडा’ आणि ‘अर्था’, आणि ‘बाल्डविन’ ऐकण्याआधी ते पुतण्याला लिहिलेलं पत्र वाचा. छोटं आहे, एका बैठकीत होतं. सगळा अल्बम सलग ऐकणं त्यानंतर.